चुकलेल्या उस्तादांचं पुस्तक

आमच्या घरमालकांकडे एक जुनं पुस्तक आहे. कित्येक वर्षं ते त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतं आणि तरीही ते त्यांचं नव्हतं. ढापलेलं वगैरे नव्हे, रीतसर हातात मिळालेलं. पण त्यावर नाव घालायचा हक्क त्यांना नव्हता. या एका गोष्टीवरून ऐंशी ओलांडलेला निवृत्त सुभेदार घरात किती फणफणू शकतो, ते मी वरच्या मजल्यावर राहून पुष्कळ ऐकलंय.

चेन्नईत, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर फक्त गाड्या राहतात. पूर आला की आधी त्या बुडतात, आणि त्यांचा विमा असतो. पहिल्या मजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको, दुसऱ्यावर मी. मी नगरची. तांबरमच्या पुढे मोटारींच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार गाडी समोर आली की तिच्यावरचा ओरखडा, पोचा, दाराची वाकडी फट शोधायची आणि तिथे लाल चिकटपट्टी लावायची, हे माझं काम. थोडक्यात, दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. आईचं म्हणणं, हेच काम मी घरी फुकट करायचे.

घरमालक तंजावरकडचे मराठी. घर बघायला गेले तेव्हा दार उघडून ते म्हणाले, "या की. आत येऊनु बसा. काफी घेणार?" मला वाटलं, हे कुठल्या तरी ऐतिहासिक नाटकाची तालीम करतायत. आमच्याकडे असं मराठी बोलायचं तर डोक्यावर पगडी लागते. हे गृहस्थ त्याच मराठीत पाण्याची मोटर, गॅस सिलिंडर आणि पार्किंगची भांडणं उरकत होते, मधूनमधून तमिळची फोडणी घालून. चेन्नईच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. ते मला 'मा' म्हणतात. इथे पोरीबाळींना असंच म्हणतात. पहिल्यांदा जरा दचकायला होतं.

मामा फौजेत कवायत शिकवायचे. तिकडे अशा माणसाला उस्ताद म्हणतात. ते पुस्तक कवायतीचंच, विलायतेत छापलेलं. कोटाच्या खिशात मावेल एवढं. एके काळी लाल असलेलं कापडी पुठ्ठ्याचं, आता गंजक्या रंगाचं. आत घडीचे तक्ते. त्यांत मिशाळ गोरे शिपाई एक पाय उचलून उभे, आणि पायाखाली कोन मोजून दाखवलेला. मजकूर इतका रटाळ की मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तिका त्यापुढे रंगतदार वाटावी. पण पहिली कोरी पानं वाचण्यासारखी आहेत. जितक्या उस्तादांच्या हातांतून पुस्तक गेलं, त्या प्रत्येकाने तिथे आपलं नाव घातलंय आणि नावाच्या वर आपली परेडवरची सगळ्यांत मोठी चूक लिहिलीय.

ही तिथली रीत. पहिला मालक एक गोरा सार्जंट. त्याने इंग्रजीत लिहिलंय की पलटणीला उजवीकडे वळवलं आणि स्वतः डावीकडे वळून एकटाच चालत गेलो, कर्नलसाहेबांची मेम हसली. त्याच्या खाली एका हवालदाराने तमिळमध्ये लिहिलंय की मोठे साहेब पाहणीला आले असताना शिंकलो, आणि शिंकेला हुकूम समजून अर्ध्या कंपनीने सलामी दिली. तिसऱ्याने रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीत नव्या बुटांना शिव्या घातल्यात. तो तलवारीसकट घसरला होता. चौथे म्हणजे मामांचे उस्ताद. ते पलटणीकडे तोंड करून उलटे चालत हुकूम देत होते आणि त्यांचा पाय बँडच्या ढोलात गेला. ढोल पायात घेऊन ते मैदानाच्या टोकापर्यंत गेले, कारण स्वतःला थांबायचा हुकूम कोण देणार?

चूक लिहिली नाही तर नाव नाही. नाव नाही तर पुस्तक तुमचं नाही. आणि जे तुमचं नाही ते पुढच्या उस्तादाला देताही येत नाही. शिवाय आणखी एक कलम होतं. आपली चूक आपण ठरवायची नाही. परेडवर हजर असलेल्या कुणीतरी तोंडावर सांगायची.

"का?" मी विचारलं होतं.

"माणूस आपली चूक आपण सांगू लागला की तिला पौडर लावतो," मामा म्हणाले. "दुसऱ्याने सांगितली की ती जशीच्या तशी असते."

आता मामांची पंचाईत अशी की त्यांची चूक नव्हतीच. म्हणजे परेडवर नव्हती. घरातल्या चुकांची यादी मामी भाजी निवडता निवडता सहज म्हणून दाखवतात. तिच्यात एक चुकीच्या गावी घेतलेली जमीन आहे आणि एक जावईही आहे. पण त्या धरत नाहीत. परेडच्या मैदानावर मामांचा पाय, आवाज, नजर कधी चुकली नाही, आणि याचा त्यांना इतका गर्व होता की त्या गर्वापायी पुस्तक हातचं चाललं होतं. निवृत्त झाले तेव्हा पान कोरंच होतं. एग्मोरच्या एका हॉटेलात त्यांचा जुना चेला पहारेकऱ्यांचा मुकादम आहे. पुस्तक पुढे त्याच्याकडे जायचं. त्याच्याकडे चुकांचा एवढा साठा की निवड करणं अवघड. तो अधूनमधून फोन करून अदबीने विचारतो, "उस्ताद, झाली का?" मामा फोन आपटतात.

"एखादी खोटी लिहून टाका की," मी एकदा म्हटलं. "कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा आठवडाभर जिन्यात त्यांना चुकवत होते.

मग गेल्या वर्षी मामांचे शब्द हरवायला लागले. मामींनीच मला सांगितलं, जिन्यात, कुजबुजत. आधी लहानसहान. पळीला 'ते' म्हणायचे, वर्तमानपत्राला 'सकाळचे'. किल्ली हातात घेऊन उभे राहायचे, किल्ली म्हणता यायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं नाव सांगितलं. "त्यांस सारे कळते," मामी म्हणाल्या. "शब्द तेवढा येत नाही. मग मजवर रागावतात, जसे मीच चोरून ठेवले आहेत." मला फार वाईट वाटलं आणि नेहमीप्रमाणे मी ते लपवायला काहीतरी थट्टा केली. मामी हसल्या. भल्या बाई.

त्याच सुमारास सोसायटीच्या मीटिंगमध्ये मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, यंदा सव्वीस जानेवारीला परेड होणार. आजवर आमच्या इमारतीचा प्रजासत्ताक दिन म्हणजे सेक्रेटरींनी दोरी ओढायची, झेंडा अडकायचा, वॉचमनने काठीने तो सोडवायचा आणि सगळ्यांनी केसरी खाऊन झोपायला जायचं. केसरी म्हणजे आपला शिराच, केशरी रंग घातलेला. परेड म्हटल्यावर लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. पण फौजी म्हाताऱ्याला नाही म्हणायची हिंमत मध्यमवर्गात नसते. आम्ही नऊ जण सापडलो. संगणकवाले पाच, त्यांतला एक नागपूरचा आणि एक पुण्याचा, बँकेतले एक गृहस्थ, कॉलेजातल्या दोन मुली आणि मी.

मामांना परेड का हवी होती ते मला ठाऊक होतं. चूक करायला नव्हे. त्यांच्या मते ती होणारच नव्हती. त्यांना शेवटचं एकदा स्क्वाड हवी होती, बस.

दर रविवारी सकाळी गाड्या हलवून तळमजल्यावर आमची कवायत चाले. पुण्याच्या मुलाचे हातपाय एकाच बाजूचे एकदम पुढे जायचे. मामा त्याला म्हणायचे, "हा उंट कोणी आणला?" बँकवाल्यांचं पोट ओळीच्या बाहेर यायचं. मामा त्यांना सांगायचे, "सर, तुम्ही मागे या, की त्यास मागे पाठवा." मला उजव्या टोकाला पुढे ठेवलं होतं, कारण माझी नजर सरळ असते म्हणे. आणि प्रत्येक रविवारी एकच धडा: हुकुमाशिवाय चालायचं नाही, आणि एकदा चालायला लागलं की हुकुमाशिवाय थांबायचं नाही. समोर भिंत आली तर? "भिंत थांबेल," मामा म्हणायचे. म्हातारा त्या तासाभरात तीस वर्षांनी लहान व्हायचा. एकही शब्द अडायचा नाही. सावधान, विश्राम, दाहिने मुड़, तेज चल, थम. गळ्यातून दगड सुटल्यासारखे निघायचे. मामी वरून गॅलरीतून बघायच्या आणि मला वाटायचं, डॉक्टरांना काही कळत नाही.

सव्वीस जानेवारीला मामा पदकं लावून, टाचा जुळवून झेंड्याच्या खांबाशी उभे राहिले. ठरलेलं असं: आम्ही इमारतीच्या मागून निघायचं, वळसा घालून पुढच्या अंगणात यायचं आणि खांबासमोर आलो की मामा म्हणणार थम. मग झेंडा, मग राष्ट्रगीत, मग केसरी.

आम्ही निघालो. उंटसुद्धा त्या दिवशी माणसासारखा चालत होता. कोपरा वळलो. खुर्च्यांवर सोसायटी बसलेली, मोबाईल वर केलेले. खांब जवळ आला. मामांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

काही आलं नाही.

मी सरळ पुढे बघत होते, पण डोळ्याच्या कडेने मला त्यांचं तोंड दिसत होतं. उघडं, शब्दासाठी तयार. खांब मागे गेला. खुर्च्या मागे गेल्या. आता करायचं काय? शिकवलेलं एवढंच, की हुकुमाशिवाय थांबायचं नाही. मी थांबले नाही. मी थांबले नाही म्हणून बाकीचे थांबले नाहीत. समोर फाटक सताड उघडं होतं. प्रजासत्ताकाची ती तुकडी फाटकातून बाहेर पडली आणि वेलचेरीच्या रस्त्याला लागली.

शेअर ऑटोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. आतल्या बायका आम्हाला बघून टाळ्या वाजवायला लागल्या. एक कुत्रं डाव्या बाजूने रांगेत येऊन पायाला पाय लावून चालायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्याची चाल बँकवाल्यांपेक्षा बरी होती. मागून नागपूरकर दबक्या आवाजात विचारत होता, "अबे, ऑफिसपर्यंत जायचं आहे का?" मी हसू दाबत होते आणि कान मागे लावून चालत होते. इडलीचं पीठ विकणाऱ्या दुकानापाशी आम्ही पोचलो तेव्हा मागून, गॅलरीतून, आवाज आला.

"थम!"

मामींचा आवाज. हुकूम डावा पाय टेकता टेकता, जिथे यायला हवा तिथेच आला. इतकी वर्षं लष्करी क्वार्टर्समध्ये आमटी ढवळत बाई हेच ऐकत आल्या होत्या. आम्ही नऊ जण पिठाच्या दुकानासमोर खाडकन थांबलो. दुकानदाराने घाबरून पिठाची पिशवी पुढे केली.

परत आलो तर सगळे मामांभोवती. आणि तिथून जे सुरू झालं ते परेडपेक्षा वाईट होतं. सगळे त्यांना सांभाळून घ्यायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, माईकचा घोळ झाला. मामांच्या जवळपासही माईक नव्हता. बँकवाले म्हणाले, हुकूम आला होता, आम्हालाच ऐकू आला नाही. कॉलेजच्या मुली म्हणाल्या, "सूपर होतं अंकल, व्हिडिओ टाकलाय." कोणीतरी म्हणालं, वय झालं, उन्हात उभं राहायला नको होतं. मामा एकेकाला विचारत होते, "चूक कोणाची?" आणि एकेक जण छातीवर हात ठेवून सांगत होता, आमची. माझी पाळी आली.

"चूक कोणाची, मा?"

"आमची, मामा," मी म्हटलं. "मीच पुढे होते."

ते टाचेवर वळले. केसरीही घेतली नाही. वर निघून गेले.

दुपारी मामी माझ्या दारात. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नाहीत. "तू खोटे का बोललीस?" त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, की त्यांना वाईट वाटेल, तब्येत, वगैरे.

"सकाळपासून ते पुस्तक घेऊनु बसले आहेत," मामी म्हणाल्या. "जन्मात एक चूक झाली, तीही तुम्ही लोकांनी वाटून घेतली. कोणी सांगेना तर लिहायचे कसे? मी सांगितली तर म्हणतात, तू परेडवर नव्हतीस, गॅलरीत होतीस." मग जिन्याचा कठडा धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजच लिहायला पाहिजे, मा. उद्या त्यांस हे आठवेल की नाही, मज ठाऊक नाही."

मी चप्पल न घालताच खाली गेले.

मामा टेबलाशी बसले होते. अजून गणवेशात, पदकांसकट. पुस्तक उघडं, कोरी जागा वर, पेनाचं टोपण काढून शेजारी ठेवलेलं. मला बघून त्यांनी पेन उचललंसुद्धा नाही.

"सकाळी मी खोटं बोलले," मी म्हटलं. "चूक तुमची होती."

"माईक?"

"माईक नव्हता."

"तुम्हांस ऐकू आले नसेल."

"ऐकू यायला हुकूम आलाच नाही. मी सरळ बघत होते आणि तुम्हालाही बघत होते. स्क्वाडने जे करायला पाहिजे ते केलं. तुम्ही करायला पाहिजे ते केलं नाही." कारखान्यात पट्टी लावताना जो आवाज लागतो तो मला आपोआप लागला होता. आतून मात्र रडू येत होतं, आणि मी ते येऊ देत नव्हते.

मामांनी पेनाचं टोपण चाचपलं. "लोक म्हणतात की, आजार आहे."

"आजार असेल. मला त्यातलं कळत नाही. पण परेडवर उस्ताद उभा होता आणि उस्ताद चुकला. सगळ्यांदेखत. एक शेअर ऑटो थांबली, मामा. दुकानदार आम्हाला पीठ द्यायला निघाला होता."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते हसत होते. खदाखदा, खोकला येईपर्यंत. आतल्या खोलीकडे तोंड करून ते ओरडले, "ऐकलेस काय? माझी चूक! ही पोर सांगते की!"

"सरी, सरी," मामी म्हणाल्या. बरं, बरं. जिना उतरून त्या नुकत्याच आत येत होत्या, धापा टाकत. "लिहा आता."

मामांनी पेन उचललं. फौजेत हिंदीसाठी शिकलेली देवनागरी, टपोरी, दाबून लिहिलेली. सव्वीस जानेवारी. स्क्वाड बरोबर चालत आली. मज म्हणायचे होते... आणि पेन थांबलं.

ते पानाकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे. मामींच्या ओठांवर शब्द आला होता. माझ्याही आला होता. एवढासा शब्द, रविवारी सकाळी त्यांनीच आमच्या कानांत ठोकून बसवलेला.

"सांगू का?" मी विचारलं.

"वेंडाम," मामा म्हणाले. नको. "चूक माझी आहे, मा. ती तू कशाला भरतेस?"

त्यांनी एका शब्दापुरती जागा कोरी सोडली, पुढे 'म्हटले नाही' असं लिहून वाक्य पुरं केलं, आणि खाली हुद्द्यासकट आपलं नाव घातलं.